अल्मामातेर अजून ओला आहे

निकेन : मावशी, हा माझा नाही.

सातिनेम : नाही कसा? वांगी रंग आहे, खिशावर तुमच्या विद्यापीठाचं चिन्ह आहे. घाल आणि नीघ. गाडी यायची वेळ झाली.

निकेन : बाह्या बघा ना. माझी बोटंसुद्धा दिसत नाहीत. खांदे कोपरापर्यंत आलेत. हा कुणातरी उंच मुलाचा आहे. माझा अल्मामातेर कोट कुठे आहे?

सातिनेम : मला काय विचारतेस? हा काढून दिला तुझ्या काकांनी. त्यांना विचार.

निकेन : काका, हा कुठून आणलात?

मारिजो : पेटीतून.

निकेन : कुठल्या पेटीतून?

मारिजो : आमच्या. पलंगाखालच्या.

निकेन : तुमच्या पेटीत आमच्या विद्यापीठाचा अल्मामातेर कसा आला?

सातिनेम : अहो, चुलीत लाकूड सारा जरा. आणि पोरीला कॉफी द्या. तोंडाला दुसरं काम मिळालं की प्रश्न कमी होतात.

निकेन : मला कॉफी नको, मावशी. तुम्हाला माहितीये आज काय आहे. तालुक्याच्या कचेरीत बैठक आहे. तालुक्याचे प्रमुख चामातसाहेब येणार, आमचे सर येणार, बाटलीच्या पाण्याच्या कंपनीची माणसं येणार. आमच्या गटातून मी बोलणार आहे. अल्मामातेर अंगावर नसेल तर मला दारातूनच परत पाठवतील. विद्यापीठाच्या गावसेवेला निघताना पहिली सूचना तीच होती.

सातिनेम : मग बरंच आहे की.

निकेन : काय बरं आहे?

सातिनेम : काही नाही. धूर गेला डोळ्यात.

निकेन : धूर डोळ्यात गेला की माणूस डोळे चोळतं. तुम्ही हसताय.

सातिनेम : बारीक लक्ष असतं हो तुझं. डोळ्यांवर, नळावर, झऱ्यावर. सगळीकडे.

निकेन : काल संध्याकाळी मी बघितलं तेव्हा तो कोट पिशवीत घडी केलेला होता. वाडीत आलो त्या दिवशी घातला, त्यानंतर एकदाही बाहेर काढला नाही. आज उठून बघते तर पिशवीची चेन उघडी आणि कोट नाही.

सातिनेम : उंदीर असतील.

निकेन : उंदरांनी चेन उघडली?

सातिनेम : डोंगरातले उंदीर आहेत. शहरातून इतकी माणसं शिकवायला येतात, तेही शिकले असतील काहीबाही.

मारिजो : अगं, सांगून टाक.

सातिनेम : काय सांगून टाकू?

मारिजो : न्हाणीत आहे, पोरी. मागच्या टबात. भिजतोय.

निकेन : भिजतोय?

सातिनेम : डाग पडला होता. कालवणाचा.

निकेन : मी तो घालून जेवलेच नाही, मावशी! डाग पडेल कुठून?

सातिनेम : मग धुळीचा असेल. एवढं तोंड वाकडं करायला काय झालं? धुऊन दिला की. पैसे नाही मागितले.

निकेन : या थंडीत जाड कापड दोन दिवस वाळत नाही. माझे मोजेसुद्धा चुलीवर टांगून वाळवायला तुम्हीच शिकवलंत. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असूनही नेमका आजच कोट भिजवलात.

सातिनेम : हं.

निकेन : मुद्दाम केलंत.

सातिनेम : हो, मुद्दाम केलं. पिशवी उघडली, कोट काढला, साबणाच्या पाण्यात बुडवला आणि वर दगड ठेवला. झालं समाधान? आता मला एक सांग. तू पहाटे कुठे जातेस?

निकेन : कुठे म्हणजे?

सातिनेम : सगळ्या पोरी झोपलेल्या असतात. तू उठतेस, कोंबड्यांना कळणार नाही अशी मागच्या दाराने निघतेस. काळी टोपी, काळा रेनकोट. हातात माझी बादली. मी न विचारता माझी बादली.

निकेन : ती मी परत ठेवते.

सातिनेम : ठेवतेस. पुसून ठेवतेस, म्हणून तर कळलं. या घरात बादली पुसून ठेवणारं कोणी नाही.

मारिजो : मी ठेवतो कधीकधी.

सातिनेम : तुम्ही गप्प बसा. झऱ्यावर जातेस ना? मी मागे आले होते. तू झऱ्याच्या तोंडाशी बादली धरलीस, फोन काढलास, बघत बसलीस. मग बादली ओतलीस. पुन्हा धरलीस. पाणी प्यायला नाही, भरायला नाही. पाणी मोजत होतीस.

निकेन : तुम्ही माझ्या मागे आलात? अंधारात?

सातिनेम : माझा झरा आहे. माझ्या आजीने तिथे फुलं वाहिली, आईने वाहिली, मी वाहते. तुझ्या मागे काय म्हणून येऊ नको? मोजणी तर तुमची झाली होती. झरा उपसायच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्या वाडीसमोर, ढोल वाजवून, मोठा बॅनर लावून. मग पुन्हा चोरून मोजायचं कारण काय? कंपनीला किती हवंय ते नीट बघून सांगायचं होतं?

निकेन : मला कंपनीने पाठवलेलं नाही!

सातिनेम : बॅनरच्या कोपऱ्यात बाटलीचं चित्र होतं. बारीक होतं, पण होतं.

निकेन : ते... त्यांनी टी-शर्ट दिले होते सगळ्यांना. आणि खाऊचे डबे.

सातिनेम : बघ. कुठंतरी पाणी मुरतंय असं मला पहिल्यापासून वाटत होतं. ते मुरत होतं खाऊच्या डब्यात.

निकेन : वाटायचंच असेल तर मलाही काय काय वाटलंय, सांगू?

सातिनेम : सांग की. आज तोंडावर होऊन जाऊ दे.

निकेन : मी महिनाभर या घरात राहतेय. या महिन्यात आम्ही वाडीतल्या प्रत्येक माणसाचा फोटो काढला. तुमचा एकही नाही. बॅनरपाशी सगळे उभे राहिले, मूठ वर करून ओरडले, तेव्हा तुम्ही म्हणालात शेळीला चारा घालायचाय. परवा स्वयंपाकाच्या स्पर्धेत तुम्हाला बक्षीस मिळालं, ते घ्यायला शेजारणीला पाठवलंत. वाडीतल्या बायका पोनच्या दिवशी भरणाऱ्या बाजाराला एकत्र जातात, तुम्ही एकट्या जाता, त्याही मागून. आमच्या गटातला योगा म्हणाला, या बाईच्या मागे काहीतरी भानगड आहे, जपून राहा. मी त्याच्याशी भांडले. आणि आज तुमच्या पेटीतून आमच्या विद्यापीठाचा कोट निघतो! कुणाचा आहे हा? कुणी विद्यार्थी राहायला होता? त्याचं काय झालं?

सातिनेम : काय होणार? खाल्ला त्याला.

मारिजो : सातिनेम.

सातिनेम : मग काय तर! बघते कशी. जसं काही आम्ही पोरं मारून पेटीत ठेवतो.

मारिजो : आमच्या मुलाचा आहे, पोरी. प्रासोजोचा.

निकेन : प्रासोजो? बातामला आहे तो? जहाजाच्या कारखान्यात?

मारिजो : तोच.

निकेन : पण मावशी तर म्हणाल्या होत्या की तो शाळेनंतर कामालाच लागला. मी विचारलं होतं, कुठे शिकला. तुम्ही म्हणालात, शेतात.

सातिनेम : शेतातच शिकला. बाकी जे शिकला ते विसरावं असंच होतं.

निकेन : तो आमच्याच विद्यापीठात होता? मग सांगितलं का नाही? आम्ही सगळे इथे जेवतो, झोपतो, रोज विद्यापीठाच्या गप्पा मारतो. तुम्ही ऐकता आणि एक शब्द बोलत नाही. लोक असं का करतात? काही लपवायचं असेल तरच ना?

सातिनेम : हो, लपवायचं होतं. सगळ्या वाडीला माहीत असलेली गोष्ट मी तुम्हा परक्यांपासून लपवत होते. मजा आहे ना? तुम्ही अख्ख्या वाडीला प्रश्न विचारत फिरलात, किती शेळ्या, किती कोंबड्या, संडास आहे का. हे एवढं कोणी सांगितलं नाही तुम्हाला.

मारिजो : आमच्यावर दया आली असेल लोकांना.

सातिनेम : दया नाही. लाज. त्याचं नाव घ्यायची लाज वाटते त्यांना.

निकेन : काय केलं त्याने?

सातिनेम : काय केलं? हा कोट घातला. त्याला अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा फोन आला, आई, अल्मामातेर मिळालं! मला वाटलं, काहीतरी हुद्दा असणार. एवढा लांबलचक शब्द, फुकटचा कशाला असेल? मी बाजारात कोबी विकत होते, तिथूनच ओरडले, माझ्या प्रासोला अल्मामातेर मिळालं! कोबीचा व्यापारी म्हणाला, वा, पगार किती? मी म्हटलं, आत्ताच मिळालंय, पगाराचं मागून कळवतील.

मारिजो : तीन वाड्यांना जेवण घातलं होतं आपण.

सातिनेम : शेळी कापली. आणि मग पोरगा आला तर हातात कोट! म्हटलं, अल्मामातेर कुठाय? तो म्हणतो, आई, हेच अल्मामातेर. मी म्हटलं, मेल्या, कोटासाठी शेळी कापली?

निकेन : खरं तर तो शब्द विद्यापीठासाठीच आहे, मावशी. लॅटिन आहे. बाहेरच्या देशांत आपण जिथे शिकलो त्या विद्यापीठाला अल्मामातेर म्हणतात. कोटाला कोणी म्हणत नाही. आपल्याकडेच कोटाला म्हणायला लागले. मुळात त्याचा अर्थ पोसणारी आई असा आहे.

सातिनेम : काय?

निकेन : पोसणारी आई. जी भरवते ती.

सातिनेम : पोसलं मी. पाठीवर कोबी वाहून पोसलं. आणि आईचं नाव लावलं कोटाला? शाबास तुमच्या लॅटिनची.

मारिजो : घट्ट होता आधी. मग त्याने एक मापाने मोठा घेतला. म्हणाला, वाढत्या अंगाचा.

सातिनेम : पण खोटं कशाला बोलू, दिसायचा छान. मी रस्त्याने त्याच्या एक पाऊल मागे चालायचे. सगळ्यांनी आधी त्याला बघावं आणि मग मला बघावं म्हणून.

निकेन : मग?

सातिनेम : मग तिसऱ्या वर्षी त्याचे सर आले त्याच्याबरोबर. वरच्या वाडीतला झरा मोजायला. तो झरा लोक कोणाला दाखवत नव्हते. सरकारी माणूस आला की म्हणायचे, वाट बंद आहे, साप आहेत. वर्दी बघितली की वाडी दार लावून घेते. पण हा कोट बघून दार उघडलं. आपल्या सातिनेमचं पोर आहे, अल्मामातेर घालून आलंय, त्याला काय लपवायचं? हात धरून घेऊन गेले त्याला. कोवळ्या मक्याची कणसं भाजून दिली. त्याने मोजलं, कचेरीत उभं राहून सांगितलं, पाणी खूप आहे, कंपनीने घेतलं तरी गावाला पुरून उरेल. फोटो काढले. टाळ्या. वर्षभराने टँकर यायला लागले.

निकेन : आणि झरा?

मारिजो : वरच्या वाडीतले लोक आता आपल्या झऱ्यावर येतात पाण्याला.

सातिनेम : येतात आणि माझ्या दारावरून जातात. माझ्याकडे बघत नाहीत. ज्या बाईने त्याला कणीस भाजून दिलं, ती रोज दोन हंडे डोक्यावर घेऊन माझ्या अंगणासमोरून चढ चढते. ती शिव्या देत नाही. देईल तर बरं होईल. मी बाजाराला एकटी का जाते म्हणतेस? मला बरोबर कोण घेणार?

निकेन : मला... मला हे माहीत नव्हतं, मावशी.

सातिनेम : तुझ्या सरांना माहीत होतं. तेच सर आहेत. केस पांढरे झाले, पोट वाढलं, पण तेच आहेत. तुमच्या गावसेवेच्या उद्घाटनाला आले तेव्हा मी ओळखलं. त्यांनी मला नाही ओळखलं. माझ्या हातचं तळलेलं तेम्पे खाल्लं, म्हणाले, बाई, फार कुरकुरीत आहे.

निकेन : म्हणून तुम्ही आम्हाला घरात ठेवून घेतलंत? लक्ष ठेवायला?

सातिनेम : दुसऱ्याच्या घरी राहिली असतीस तर तुझा कोट कोणी भिजवला असता? आता हा खालचा झरा तेवढा उरलाय. आज तू कचेरीत जाणार, हाच कोट घालून उभी राहणार, पाणी खूप आहे म्हणणार. मग आम्ही दोन्ही वाड्या कुठे जायचं? म्हणून भिजवला. पाप लागलं तर लागू दे.

मारिजो : आणि मी पेटीतला काढून दिला. पोरगी रडायला आली होती.

सातिनेम : तुम्हाला सगळ्यांची दया येते. हाच तुमचा रोग आहे.

निकेन : मावशी, मी पहाटे का जात होते ते सांगू?

सातिनेम : सांग. पटेलच असं नाही.

निकेन : मोजणी झाली त्याच्या आदल्याच दिवशी झरा उपसला होता. गाळ काढलेला, पाटाची तोंडं मोकळी केलेली. पाणी नुसतं उसळत होतं. तो दिवस सरांनीच ठरवला. म्हणाले, सणाला सगळे जमतात, फोटो चांगले येतात. आकडा मोठा आला. मी खूश झाले. मग इथे राहायला लागले आणि तुमच्या नळाखाली भांडी घासायला बसले. धार करंगळीएवढी. एक पातेलं भरायला किती वेळ! माझ्या तक्त्यात नदी आणि माझ्या हातावर करंगळी. मला झोप लागेना. म्हणून गेले. पुन्हा गेले. दर वेळी पाणी कमी भरलं.

सातिनेम : आणि हे कोणाला सांगितलंस?

निकेन : सरांना. फोनवर.

सातिनेम : काय म्हणाले?

निकेन : म्हणाले, बादलीने मोजणं हा पोरखेळ आहे. अधिकृत मोजणी झाली आहे, तीच सांग. आणि म्हणाले, गावसेवेचे गुण माझ्या हातात आहेत, हे विसरू नकोस. नापास झाले तर पुढच्या वर्षी पुन्हा गावसेवा. घरी माझी बहीण वाट बघतेय, मावशी. बाबांनी स्पष्ट सांगितलंय, मोठी विद्यापीठातून बाहेर पडली की धाकटी आत जाईल. दोघींना एकदम नाही जमणार.

सातिनेम : म्हणजे तुझ्याकडे दोन आकडे आहेत.

निकेन : दोन आहेत. एक फळ्यावर दाखवायचा आणि एक माझ्या फोनमध्ये.

सातिनेम : चांगली रचलीस गोष्ट. पण कशावरून खरी? आत्ता, कोट हवाय म्हणून रचली नसशील कशावरून?

मारिजो : खरी आहे.

सातिनेम : तुम्हाला काय माहीत?

मारिजो : त्याच्याकडेही दोन होते.

सातिनेम : कोणाकडे?

मारिजो : प्रासोकडे.

सातिनेम : काय दोन होते?

मारिजो : आकडे. तोही दुसऱ्यांदा मोजायला गेला होता. एकटा. कमी भरलं होतं.

सातिनेम : हे तुम्हाला कोणी सांगितलं?

मारिजो : त्यानेच. बातामला निघाला त्याच्या आदल्या दिवशी, गोठ्यात. रडत होता.

सातिनेम : आणि तुम्ही सहा वर्षं माझ्या शेजारी झोपताय.

मारिजो : त्याने शपथ घातली होती. म्हणाला, आईला सांगू नका. ती माझ्या मागून चालते ना, ते मला रोज आठवतं म्हणाला.

निकेन : मावशी...

सातिनेम : थांब तू. अहो, मला रोज वाटायचं की त्याला माहीत असणार. ज्याने लहानपणी त्या झऱ्यात पाय सोडून अभ्यास केला, त्याला कळलं नसेल? रोज वाटायचं, आणि रोज मी स्वतःला शिव्या द्यायचे. म्हणायचे, सटवे, लोक संशय घेतात ते घेतात, तू आई असून घेतेस? नमाजाला बसले की त्याचीच माफी मागायचे. आणि तुम्ही बघत होतात.

मारिजो : बघत होतो.

सातिनेम : एकदा तरी म्हणायचं होतं, अगं, तुला वाटतंय ते बरोबर आहे.

मारिजो : मग तू त्याच्याशी बोलली नसतीस.

सातिनेम : आता तरी कुठे बोलतेय! ईदला येत नाही. फोन करतो तो तुम्हाला. मी घेतला की म्हणतो, आई, आवाज येत नाहीये. आवाज येत होता मेल्याला. चांगला येत होता.

(बाहेर पिकअपचा हॉर्न वाजतो.)

निकेन : योगा आला. मावशी, मी माझाच घालते. पिळून घेते आणि घालते.

सातिनेम : ओला? दात वाजतील तिथे.

निकेन : तसेही वाजणारच आहेत.

सातिनेम : कुठला आकडा सांगणार?

निकेन : आधी कोट तर पिळू द्या, मावशी.

सातिनेम : माझ्याकडे बघून सांग. फळ्यावरचा की फोनमधला?

निकेन : माहीत नाही, मावशी. खरंच माहीत नाही. आत्ता इथे बसून वाटतंय, खरा सांगीन. तिथे सर पहिल्या रांगेत बसले असतील. काय होईल माहीत नाही.

सातिनेम : बरं केलंस. खरा सांगीन म्हणाली असतीस तर माझा तुझ्यावर काडीचा विश्वास बसला नसता.

निकेन : आता बसलाय?

सातिनेम : नाही. म्हणून मी येते बरोबर.

निकेन : तुम्हाला आत सोडणार नाहीत. वाडीतल्या लोकांसाठी बाहेर मांडव घातलाय. तिथे खुर्च्या आणि खाऊचे डबे. आत फक्त साहेब, कंपनीवाले आणि अल्मामातेरवाले.

सातिनेम : माहितीये. मागच्या वेळी मी त्याच मांडवात बसले होते. टाळ्या ऐकू आल्या तेव्हा मीही वाजवल्या. कशासाठी वाजवतेय ते माहीत नव्हतं. काढ तो.

निकेन : काय?

सातिनेम : अंगातला कोट काढ. तुझा नाहीये ना तो? दे इकडे.

निकेन : मावशी, तुम्ही घालणार? या कबाया पोलक्यावर?

सातिनेम : कोट बघून दार उघडतं ना? बघू उघडतं का.

निकेन : पण तुम्ही विद्यार्थिनी नाही! दारात विचारलं तर काय सांगू?

सातिनेम : सांग, जुनी विद्यार्थिनी आहे. अजून पास झाली नाही.

मारिजो : बाह्या लांब होतायत.

सातिनेम : दुमडून द्या. अशा नका दुमडू, आतून. हं. त्याच्या अंगाचा वास अजून आहे की काय यात? नाही. कापूर आहे नुसता.

निकेन : मावशी, आत जाऊन तुम्ही बोलणार आहात का?

सातिनेम : मला कोण बोलू देतंय? मी तुझ्या शेजारी बसेन. गप्प. तू उभी राहिलीस की तुझ्या तोंडाकडे बघत राहीन. आणि ते तुझे सर आमच्या दोघींकडे बघतील. एवढंच. पुढचं तुझं तू बघ.

निकेन : मला भीती वाटतेय.

सातिनेम : वाटू दे. त्यालाही वाटली असेल. तेव्हा त्याच्या शेजारी कोणी नव्हतं. जा, तुझा पिळून आण. जोर लाव पिळताना, शहरातल्यासारखा नको.

मारिजो : सातिनेम, उंबऱ्यात थांब जरा.

सातिनेम : आता काय?

मारिजो : उजेडात ये. फोटो काढतो.

सातिनेम : मी फोटो काढून घेत नाही. माहीत आहे तुम्हाला.

मारिजो : माहीत आहे.

सातिनेम : कोणाला दाखवायचाय?

मारिजो : त्याला पाठवतो.

निकेन : चला, मी आले. योगा ओरडतोय बाहेर. अगंबाई, मावशी!

सातिनेम : हसू नकोस. डोक्यावरचा रुमाल सरळ आहे का ते सांग.

निकेन : सरळ आहे.

सातिनेम : मग काढा. त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला पाठवाल तर बघा.

मारिजो : निघाला. बरा आलाय. खाली काय लिहू?

सातिनेम : काही नको. कोट त्याचा आहे, ओळखेल.